ताग गाडला ते साल

गायरान फुकट मिळालं, असं आजही कुणी माझ्यासमोर म्हणालं की मी विचारते, मग माती कुठून आणली असेल आम्ही? त्याला प्रश्नच कळत नाही. ज्यांच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या शेतं आहेत त्यांना वाटतं, जमीन म्हटली की माती आलीच. आमच्या दोन एकरांत जमीन होती, माती नव्हती. वर दगडगोटे, खाली मुरूम, आणि उतार असा की पडलेलं पाणी क्षणभर थांबत नसे.

मंठा या तालुक्याच्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव. गावाच्या माथ्यावर हे गायरान, गुरं चरायला सोडलेली सरकारी जमीन. माझ्या जन्माच्या आसपास आमच्या बौद्धवाड्यातल्या आठ भूमिहीन घरांनी ती कसायला घेतली. हक्काचा कागद नव्हता. होती ती फक्त तलाठ्याच्या रजिस्टरातली नोंद, की अमुक माणूस इतकी जमीन कसतो आणि या साली त्यात अमुक पेरा आहे. ती नोंद दर साली लागत गेली तर पुढेमागे जमीन नावावर होईल, या आशेवर आठ घरं उभी होती. गावातल्या काही वजनदार लोकांना त्याच माळावर खडीची मशीन बसवायची होती. "तिथं उगवतंय काय? खडीच निघन," असं ते चावडीवर बोलत. एका साली पेरा लागला नाही तरी नोंद कापायला लावू, हेही बोलत. आमचं भांडण असं सरळ होतं. ती खडी नाही, माती आहे, हे आम्हाला दर साली दाखवून द्यावं लागे.

माय रोजगार हमीच्या कामावर जायची. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, तालुक्यातल्या कितीतरी कामांवर तिनं दगड वाहिले. पाणी कुठं अडवायचं हे तिला इंजिनिअरांकडे नुसतं बघून कळलं होतं. आमच्या रानात तिनं उताराला आडवे दगडी बांध घातले. उन्हाळ्यात तलाव आटला की तिथला गाळ पाटीत भरून डोक्यावरून आणला. मीही आणला. केसांतून तो वास जायला दोन दिवस लागत. पाच-सहा उन्हाळ्यांनी खालच्या बाजूला हातभर थर जमला, पण तो दिसायला काळा आणि वागायला मुरमासारखाच. पाऊस थांबला की चार दिवसांत टणक. बाजरी गुडघ्याला लागून थांबायची.

दादा, म्हणजे माझे वडील, मंठ्याच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ लावायची, हे त्यांचं काम. बिघडलेली पत्रकं ते घरी आणत. आमच्या घराच्या कुडाला आतून पत्रकंच चिकटवलेली होती. लग्नपत्रिकेवर संपाचं आवाहन छापून गेलेलं, सभेच्या नोटिशीवर बियाण्याची जाहिरात. मी अक्षरं त्या भिंतीवर शिकले. 'जागे व्हा' हे मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता आलं. त्याचा परिणाम असा झाला की छापलेलं असेल ते खरं असलंच पाहिजे, आणि नसेल तर ते खरं करून दाखवलं पाहिजे, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. दादांचं मत निम्मंच होतं. छापलंय ना, मग झालं.

मी आठवीत होते तेव्हा कृषी सहायक वस्तीत आले. प्रत्येक घराला एक कापडी पिशवी दिली आणि सांगितलं, आपापल्या रानातली अर्धा किलो माती भरून द्या, तिची परीक्षा होणार आहे. परीक्षा म्हटल्यावर दादा गंभीर झाले. त्या संध्याकाळी ते पिशवी घेऊन बाहेर पडले आणि भरून आले. मायनं ती माती सुपात घेतली, खडे वेचले, काड्या काढल्या, पाखडली. सरकारकडे जायची म्हणून ज्वारी निवडावी तशी निवडली. मी जवळ बसले होते. ती माती हाताला मऊ लागत होती, लोण्यासारखी. आमची माती अशी नव्हती.

"दादा, ही आपल्या रानातली न्हाई."

"मंग कुठली हाय?"

"नदीकाठची. आबाच्या रानातली."

आबा म्हणजे गावातले एक म्हातारे शेतकरी. त्यांचं मोठं रान नदीला होतं आणि एक हलका तुकडा माळावर आमच्या बांधाला लागून. त्यांची बैलं आम्ही मागून आणायचो आणि बदल्यात माय त्यांच्याकडे खुरपायला जायची.

"आर्धा किलो उचलली तर आबाचं काय जातंय?" दादा म्हणाले. "उद्या कागदावर आलं, जमीन भिकार, तर खडीवाल्याला आयतंच सापडंल. तुला काय कळतंय त्यातलं."

मायनं सुई-दोरा घेतला. पिशवीचं तोंड शिवून टाकलं.

दोन महिन्यांनी कागद आला. सगळ्या रकान्यांत भरपूर, उत्तम, भरपूर. खाली सल्ला होता की या जमिनीला सध्या काहीही घालायची गरज नाही. दादांनी तो कागद खिशात ठेवला आणि चावडीपासून बसथांब्यापर्यंत सगळ्यांना दाखवला. आबांनाही दाखवला. आबांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "ब्येस. माझ्या रानाएवढीच चांगली हाय की."

मला रात्रभर राग आला होता, तो सकाळी बाहेर पडला. मी म्हणाले, हा कागद खोटा आहे. दादा म्हणाले, "माती आबाची आसंल, कागद तर आपला हाय ना?" तेव्हा माय चुलीपुढून पहिल्यांदा बोलली. "कागद पेरून भाकर येती का? इचारा त्येला, आपल्या मुरमाला काय घालायचं. आता त्यो सांगतो, काईच घालू नगा. बराबर बसलं."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी आमच्या रानातली खरी माती घेतली, वरच्या बाजूची, खालची, मधली, आणि तालुक्याला जाऊन कृषी सहायकांपुढे ठेवली. झालेलं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते रागावतील. ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरचा माणूस बघायला आला. "अगं बाई, अर्ध्या तालुक्यानं उकिरड्याजवळची माती आणून दिली आहे," ते म्हणाले. "परीक्षा म्हटलं की लोक मातीलासुद्धा कॉपी पुरवतात. चूक आमची. आम्ही हा शब्दच वापरायला नको होता."

दुसरा कागद आला तो माझ्या हातात आला. सेंद्रिय कर्ब अत्यंत कमी. सहायकांनी त्याचा अर्थ सांगितला. झाडपाला, मुळं, शेण जमिनीत कुजून जे राहतं ते तिथं नाही. म्हणून ती पाणी धरत नाही, म्हणून बाजरी गुडघ्याला थांबते. गाळानं जाडी दिलीय, जीव दिला नाही. त्यांनी तागाचं बी दिलं आणि एक पत्रक दिलं. पावसाच्या सुरुवातीला ताग दाट पेरायचा आणि पिवळं फूल दिसू लागलं की हिरवागार असतानाच जमिनीत गाडायचा. उशीर झाला की खोड राठ होतं, दोरासारखं, मग ते लवकर कुजत नाही. मी ते पत्रक घरी नेऊन चुलीशेजारी, मायच्या डोळ्यांसमोर चिकटवलं. तिला वाचता येत नव्हतं. पण त्यावर फुलाचं चित्र होतं.

दादांनी पत्रक वाचलं आणि अडचण बरोबर पकडली. "भाऊसाहेब येतो श्रावण-भादव्यात, पीकपाहणीला. तवर ह्यो ताग गाडलेला. त्येला काय दाखवू, चिखल?"

गावात तलाठ्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी बांधावर उभं राहून जे पाहिलं तेच रजिस्टरात जायचं.

माय म्हणाली, "फूल यायच्या टायमाला आला तर ताग म्हणून लिव्हंल की. ताग पीकच हाय."

"आन न्हाई आला तर?"

पहिला पाऊस पडताच मायनं बी बाहेर काढलं. दोन्ही एकरांत ताग पेरला.

माझ्या आयुष्यात त्या माळावर इतकं हिरवं मी कधी पाहिलं नव्हतं. दीड महिन्यात ताग माझ्या खांद्याला लागला. पोळ्याच्या आधी पहिली पिवळी फुलं दिसली आणि आमच्या घरात झोप उडाली. दादा रोज मंठ्यात तलाठ्याची चौकशी करायचे. भाऊसाहेब दुसऱ्या गावांत अडकले होते. उद्या येतो, परवा येतो. माय रोज सकाळी रानात जाऊन एक खोड तोडून आणायची आणि ओट्यावर बसून मोडायची. पहिले दिवस ते काकडीसारखं कट्‌कन मोडायचं. मग एके सकाळी मोडलं, पण सालीनं धरून राहिलं. तिनं ते दादांपुढे धरलं.

"बगा. दोर सुटून राह्यलाय."

"आजून चार दिस थांब. नोंद गेली तर रान जाईन."

"आन ह्यो राठ झाला तर रान ऱ्हाऊन काय करायचं? मुरूमच ऱ्हाईल. खडीवाला खरा ठरंल."

मी पत्रकाच्या बाजूची होते, पण त्या वेळी मला पहिल्यांदा दादांची भीती समजली. ते खोटं बोलणारे नव्हते. कागदावर नाव नसलेल्या माणसाला कागदाची जी धास्ती असते, ती त्यांना होती. मायला धास्ती दुसरी होती. तिनं त्या मातीची प्रत्येक पाटी डोक्यावरून आणली होती.

ती उठली आणि आबांकडे बैल-नांगर मागायला गेली. आबांनी साफ नकार दिला. "फुलात आलेल्या पिकावर नांगर? बाई, लेकरावर चालवल्यावानी हाय ते. माझे बैल त्यात घालायचे न्हाईत. पोळा तोंडावर आलाय."

"आबा, खाण्यासाठीच करून राह्यलो ना. जमिनीच्या."

"जमीन खाती का कुठं?"

"मंग गेल्या सालची बाजरी कुणी खाल्ली? आमी तर न्हाई."

आबांच्या सुनेनं पदर तोंडाला लावला. आबा हसले नाहीत आणि बैलही दिले नाहीत.

संध्याकाळी माय वस्तीत घरोघरी फिरली. रोजगार हमीवर तिच्याबरोबर काम केलेल्या अकरा बाया होत्या. सावडीनं या म्हणाली, म्हणजे आज तुम्ही माझ्याकडे, नंतर मी प्रत्येकीकडे तितके दिवस. सकाळी अकराही आल्या, विळे, कुदळी, फावडी घेऊन. उताराला आडवे चर पाडायचे, ताग कापून चरात अंथरायचा, पायानं दाबायचा, वर माती ओढायची. कामाची पद्धत त्यांच्या हातात मुरलेली होती. फक्त आजवर त्यांनी दुसऱ्यांचे तलाव आणि रस्ते खोदले होते.

"मुकादम कोण?" एकीनं विचारलं.

"ही," दुसरीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "वाच गं बाई तुझं पत्रक. किती खोल म्हणतंय?"

"वीतभर."

"कुणाची वीत? साहेबाची का माझी?"

पाच दिवस लागले. मी शाळा बुडवली आणि मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही. शेवटच्या दिवशी पाऊस आला, झिमझिम, जसा हवा होता तसा. ताग जमिनीत गेला.

दोन दिवसांनी तलाठी आले.

मोटारसायकल बांधाला लावली आणि समोर पाहिलं. सगळा माळ लाल-काळा, ओला, उघडा. त्यांनी रजिस्टर उघडलं. मायनं सांगायला सुरुवात केली, ते ऐकत होते, पेनही काढत होते. शेवटी ती वाकली, हातानं माती उकरली आणि काळा पडत चाललेला, बुळबुळीत, आंबूस वासाचा तागाचा गोळा काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी रुमाल नाकाला लावला.

"बाई, मी उभं पीक लिहितो," ते म्हणाले. "आडवं न्हाई."

आणि पडीक लिहिलं.

दादा दोन दिवस मायशी बोलले नाहीत. चावडीवर लोक बोलले, आणि भरपूर बोलले. बाईनं हिरवं पीक पुरलं, आता रानही पुरलं, असा एकूण सूर होता. तिसऱ्या दिवशी छापखान्यातून आल्यावर दादा माझ्याजवळ बसले. म्हणाले, "तू लिव्ह. मी छापतो."

माझं छापलेलं पहिलं लेखन ते. मी दोन पानं लिहिली होती, संतापानं भरलेली. दादांनी ती हातपत्रकाच्या मापात बसवली. त्यांची एक अडचण होती. छापखान्यात 'ळ'चे खिळे कमी होते, आणि माझ्या मजकुरात माळ, काळी, गाळ, मुळं, सगळीकडे तेच अक्षर. "निम्मा राग कमी कर," ते म्हणाले, "ळ पुरतील." उरलं ते एवढंच, की आम्ही पीक पुरलेलं नाही, जमिनीत पेरलं आहे, माळावर या, माती हातात घेऊन बघा, खडी दिसली तर सांगा. मंठ्याच्या बाजाराच्या दिवशी मी ती पत्रकं वाटली. घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्यात भजी बांधून नेली. मी तरीही वाटत राहिले.

नवरात्राच्या आधी एक चांगला पाऊस झाला. आबांनी या वेळी बैल दिले, तिफण दिली. "पेरायला देतो," ते म्हणाले. "त्यात पाप न्हाई." आम्ही ज्वारी पेरली आणि गुरांनी तोंड घालू नये म्हणून चारी कडांना काटेरी करडई. आमच्या त्या दोन एकरांत रब्बीची ज्वारी याआधी कधी पेरली नव्हती. पण साल अजून संपलं नव्हतं, रब्बीचा पेरा लागला तर नोंद तगणार होती.

त्यानंतर पाऊस आला नाही. एक सरही नाही.

दिवाळीनंतर माळावर वारा सुटला. एकेक रान वरून खाली पिवळं पडत गेलं. नदीकाठची काळी जमीन हिरवी राहिली, ती आमच्यापेक्षा कितीतरी वरचढ होती, आणि हे मी मुद्दाम लिहिते, कारण खोट्या मातीचा कागद आमच्या घरात एकदा येऊन गेला आहे. पण माळावर, हलक्या रानांत, सगळीकडे ज्वारी पोटरीतच अडकली. कणीस बाहेर यायची ताकद तिच्यात राहिली नाही. बांधापलीकडचा आबांचा तुकडाही तसाच. अलीकडे आमचे दोन एकर, ज्वारीचं ताट माझ्या डोक्याएवढं, आणि कणसं बाहेर.

एका दुपारी आबा काठी टेकत आले. आधी त्यांच्या रानात बसले, बोटांनी उकरलं, ढेकूळ निघालं, झटकून टाकलं. मग बांध ओलांडून आमच्यात आले आणि ज्वारीच्या मुळाशी हात घातला. मनगटापर्यंत गेला. त्यांनी तो बराच वेळ तिथंच ठेवला.

"बिलकुल गार हाय," ते म्हणाले. मग मायकडे न बघता, "लेकरू म्हणालो व्हतो मी."

"म्हणाले व्हते तुमी, आबा."

"बी कुठं मिळतं त्या तागाचं?"

रब्बीच्या पाहणीला तलाठी आले तेव्हा बांधावर आम्हीच नव्हतो. अकरा बाया होत्या, आबा होते, चावडीवर बोलणाऱ्यांतले चौघं-पाचजण होते. भाऊसाहेबांनी मुकाट्यानं लिहिलं, ज्वारी, कडेनं करडई. वही मिटू लागले तशी माय म्हणाली, "मागचं बी दुरुस्त करा."

"मागचं होत न्हाई बाई. गेलं ते गेलं."

"मंग शेजारी जागा आसंल ना रिकामी? तिथं लिव्हा, ताग गाडला व्हता."

"असं कुणी लिहीत न्हाई."

"कुणी गाडीत बी नव्हतं."

लोक हसले. तलाठीही हसले, नाइलाजानं. आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, हिरवळीच्या खतासाठी ताग जमिनीत गाडला. दादांनी मान वाकवून ते वाचलं, एकदा मनात, एकदा मोठ्यानं. मायला ऐकू जावं म्हणून.

त्या साली माय ज्वारी विकत आणायला मंठ्याच्या बाजारात गेली नाही. वर्षाची भाकर आमच्या रानातून निघाली. कडबा इतका झाला की आबांच्या बैलांना दिला. खडीच्या मशीनची गोष्ट चावडीवर हळूहळू कमी झाली आणि मग कुणीच काढेना. सात-आठ वर्षांनी सात-बाऱ्यावर नाव लागलं, मायचंही आणि दादांचंही.

आता मी शहरात राहते, सभांना जाते, पत्रकं अजून लिहिते. हवेत कर्ब वाढला, ऊन वाढलं, पावसाचं वेळापत्रक मोडलं, म्हणून मोठमोठ्या सभागृहांत माणसं चिंता करतात. चिंता खरी आहे. पण जो कर्ब हवेत नको आहे तोच जमिनीत हवा आहे, आणि झाड तो हवेतून घेऊन आपल्या हिरव्या अंगात साठवतं, ही साधी गोष्ट तिथं कुणी जोरात बोलत नाही. आमच्या माळावर अकरा बायांनी तेच अंग पायानं दाबून जमिनीत घातलं होतं, आणि पावसानं दगा दिला तेव्हा त्या जमिनीनं ओल धरून ठेवली. मी भाषणात हे सांगते तेव्हा माझा आवाज चढतो. चढू दे.

ताग गाडला त्या सालानंतरच्या पावसाळ्यात माळावर आठही घरांनी आपापल्या रानाचा निम्मा भाग तागाखाली घातला. आबांनीही घातला, आणि फूल दिसताच त्यांनी आपले बैल स्वतः त्यात घातले, आधी बैलांच्या पाठीवर हात फिरवून. पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. फूल यायला आठ दिवस असताना मायनं दादांच्या हाती तलाठ्याला निरोप धाडला. फूल दिसलं की आम्ही थांबणार नाही, बघायचं असेल तर गुरुवारच्या आत या.

भाऊसाहेब बुधवारी सकाळी सात वाजता आले. चहासुद्धा न घेता रजिस्टर उघडून बांधावर उभे राहिले.